दिवा लागला की जागा ठरली

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो टिपणीसबाईंचा. पहिल्याच ओळीत हे लिहून टाकतो, कारण बाईंना लांबण आवडत नसे. समारंभात एखादे पाहुणे 'मला बोलायची फारशी सवय नाही' अशी सुरुवात करू लागले की बाई मागच्या भिंतीजवळून स्वच्छ आवाजात सांगत, "मग मुद्द्यावर या, म्हणजे लवकर सुटाल." पाहुणे बावचळत. बाई शांतपणे त्यांच्या माइकचा आवाज थोडा वाढवून देत.

नव्वद सालच्या आगेमागे पनवेलला प्राथमिक शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण केंद्र होतं. त्यात दृक्‌श्राव्य विभाग होता. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. तिच्यात एक ओव्हरहेड प्रोजेक्टर, एक स्लाइड प्रोजेक्टर, लाकडी पेटीत कुलूपबंद केलेला टीव्ही आणि व्हीसीआर, एक अँप्लिफायर, माइक, तीन पायांच्या स्टँडवरचा गुंडाळता येणारा पडदा, आणि टिपणीसबाई. त्यांचा सहायक म्हणून मी लागलो तेव्हा बी.एस्सी.चा निकाल नुकताच हातात आला होता.

मुलाखतीला मी घाबरून गेलो होतो. आमचं गाव उरण रस्त्याच्या बाजूला, गव्हाणच्या पुढं, खाडीकाठी. वडील मी लहान असतानाच गेले. आई पहाटे धक्क्यावर होड्यांमधून म्हावरं, म्हणजे मासळी, घ्यायची, पाटीत भरून डोक्यावर घ्यायची, शेतांमधल्या वाटेनं गावात यायची आणि तिथून एसटीनं पनवेलच्या बाजारात. त्या पाटीवर मी शिकलो. घराण्यात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. ते मी मुलाखतीत न विचारता सांगून टाकलं, आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं.

बाईंनी त्यावर काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बस आणि काय दिसतं ते सांग."

मी बसलो. म्हणालो, "तुमचा चेहरा दिसत नाही. मागं खिडकी आहे."

बाईंनी शेजारी बसलेल्या प्राचार्यांकडं बघितलं. "हा ग्रॅज्युएट चालेल."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'ग्रॅज्युएट' झालो. केंद्रात मला नावानं हाक मारणारे पुष्कळ होते, पण बाईंनी कधी नाव घेतल्याचं आठवत नाही. "ग्रॅज्युएट, वायर." "ग्रॅज्युएट, तुझा खांदा चित्रात येतोय." सुरुवातीला मला ती टिंगल वाटली. मग एकदा बाजारात त्या आईकडून सुकवलेले सोडे घेत होत्या, तेव्हा तिला म्हणाल्या, "तुमच्या ग्रॅज्युएटला मी उन्हातान्हात राबवते हं." आईनं तो शब्द घरी येऊन तीनतीनदा म्हणून बघितला.

बाई कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसत आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट घालत. खांद्याला शबनम पिशवी. तिच्यात काळा चार्टपेपर, चिकटपट्टी, सुतळी, टाचण्या, मऊ सुती रुमाल. कुठल्या शाळेनं किंवा ऑफिसनं सभेसाठी सामान मागितलं की ते पोचवायला त्या स्वतः निघत. गुंडाळलेला पडदा खांद्यावर घेऊन वडाळे तळ्याच्या काठानं चालल्या की टपरीवरचे लोक विचारत, "बाई, आज कुठं जाळं टाकताय?" बाई न थांबता सांगत, "जिथं मासे झोपलेत तिथं."

पण एकदा खोलीत शिरल्या की थट्टा बंद. मग सुरू व्हायची ती प्राचार्यांच्या शब्दांत 'बाईंची प्रदक्षिणा'. खोलीतल्या प्रत्येक बाकावर, प्रत्येक खुर्चीवर बाई बसून बघत. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून. पुढच्या जागांवर पटकन, मागच्या जागांवर बराच वेळ. सगळ्यात कोपऱ्यातल्या, खांबाआडच्या जागेवर त्या बसल्या की मला समोर उभं राहून बोलावं लागे. माइकवर 'हॅलो हॅलो' म्हणायला सक्त मनाई होती. बाई म्हणत, हॅलो कुठंही पोचतं, ते कुत्र्यालासुद्धा कळतं. काहीतरी खरं सांग.

पहिल्या दिवशी मी 'विज्ञानाचे महत्त्व' सांगू लागलो. पुस्तकी, एकेक शब्द तोलून. खांबाआडून बाईंचा आवाज आला, "ऐकू येतंय. पटत नाहीये. सकाळी काय जेवून आलास ते सांग."

मी सांगितलं. कालवणाचं सांगता सांगता माझी गावाकडची बोली कधी सुरू झाली ते मला कळलं नाही. सबंध कॉलेज मी 'हाय' आणि 'नाय' गिळून काढलं होतं. बाई खांबाआडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता माइक बरोबर लागलाय. हलवू नकोस."

त्यांचे नियम विचित्र वाटत, पण प्रत्येकाला कारण असे. प्रोजेक्टरचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही, रुमालानं धरायचा, कारण बोटांचं तेल काचेला लागलं की बल्ब तापल्यावर तिथंच फुटतो. मी एकदा जेवून उठलो आणि नवा बल्ब तसाच बसवला. तो भर वर्गात फटाक्यासारखा गेला. बाई रागावल्या नाहीत. फुटका बल्ब त्यांनी माझ्या टेबलावर काचेच्या ग्लासात ठेवला आणि तो तिथंच राहिला. तसंच, बल्ब गरम असताना प्रोजेक्टर हलवायचा नाही. आतली तार तापून मऊ झालेली असते, धक्का लागला की संपली. म्हणून त्या आधी सगळ्या जागा तपासत, मगच बटण दाबत. एकदा बटण दाबलं की मंत्री आला तरी यंत्र जागचं हलत नसे. "दिवा लागला की जागा ठरली," असं त्या म्हणत.

आणि पेनं. ओव्हरहेड प्रोजेक्टर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक पेटी असते, तिच्या वरच्या काचेतून उजेड येतो. त्या काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा. कागदावर जे असेल ते भिंतीवर मोठं होऊन दिसतं. शिकवता शिकवता कागदावर पेनानं लिहिता येतं, आणि लिहिणाऱ्याचा हातसुद्धा भिंतीवर राक्षसाएवढा दिसतो. ही पेनं दोन तऱ्हेची येत. एक ओल्या बोटानं पुसलं जाणारं, दुसरं न पुसणारं. बाई वर्गात नेहमी पुसणारंच देत. न पुसणारं पेन त्यांच्या शबनममध्ये, वेगळ्या खणात, रुमालात गुंडाळून. ते त्या कुणाला देत नसत. एका तरुण शिक्षकानं हट्टानं मागितलं, तर म्हणाल्या, "शिकवणाऱ्याला पुसता आलं पाहिजे. नाहीतर तो चूक कबूल करायच्या ऐवजी तिच्यावर उभा राहून बोलत राहतो."

हे सगळं आज गमतीचं वाटतं. त्या वर्षी मात्र मी सतत काळजीत होतो. दोन कारणं होती, आणि ती एका माणसापाशी येऊन मिळत होती.

आमच्या गावात बातमी आली होती की खाडीच्या बाजूनं नवा रस्ता होणार. रस्ता म्हणजे मातीचा उंच भराव, आणि तो गाव आणि धक्का यांच्या मधून जाणार. लोकांना कागद आले, पण कागदावर नुसते आकडे होते. आमची धक्क्याची वाट राहणार की जाणार हे कुणालाच कळत नव्हतं. वाट गेली तर आईनं पहाटे पाटी घेऊन जायचं कुठून? आई रोज विचारायची आणि मी शिकलेला असून मला सांगता येत नव्हतं. "कागद वाचायला शिकलास ना? मग सांग ना," असं ती म्हणायची. टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटायचं की मला कळत असेल आणि मी तिला जपण्यासाठी सांगत नाही.

शेवटी रस्त्याचं काम बघणाऱ्या ऑफिसनं जाहीर केलं की नकाशा सगळ्यांना दाखवू, हरकती तिथंच ऐकू, त्यानंतर काम सुरू. म्हणजे बोलायची ती एकच संधी. सभेसाठी आमच्या केंद्राचा हॉल घेतला, कारण नकाशा मोठा करून दाखवायचं यंत्र आमच्याकडंच होतं. आणि नकाशा दाखवायला येणारे साहेब, जे त्या रस्त्याचे इंजिनिअर होते, तेच आमच्या केंद्राच्या समितीवर होते. मी अजून कायम झालो नव्हतो. कायम होण्याच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. प्राचार्यांनी मला आदल्या दिवशी बोलावून सांगितलं की साहेब शिस्तीचे आहेत, घाईत असतात, उद्या काही गडबड नको. मग थोडं थांबून म्हणाले, "बाईंना आवरणं तुझ्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण स्वतःला आवर."

सभा दुपारी चारची. हॉलला नुकताच रंग दिलेला, पडदे काढून धुवायला टाकलेले. व्यासपीठाच्या मागं उंच खिडक्या, पश्चिमेच्या. साहेबांच्या माणसांनी येऊन व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या, टेबलक्लॉथ घातला, पाण्याचे ग्लास ठेवले आणि पडदा खिडक्यांसमोर उभा करायला सांगून ते चहाला गेले. खाली सतरंज्या. लोक लवकरच यायला लागले. शेतावरचे, खाडीवरचे, बाया बऱ्याच. आई बाजारातून थेट आली होती. पाटी रिकामी होती तरी वासानं कुणाला त्रास नको म्हणून ती सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसली. मी बाईंना सांगितलं, ही माझी आई. त्या म्हणाल्या, "मी सोडे कोणाकडून घेते ते मला माहीत आहे."

बाईंची प्रदक्षिणा सुरू झाली. हॉल भरत होता, त्यामुळं त्यांना माणसांच्या मधून वाट काढावी लागत होती. पुढच्या रांगा, मधल्या रांगा, मग मागं जाऊन त्या आईशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसल्या. एक डोळा मिटला. मग दुसरा. मग आईला विचारलं, "काय दिसतंय?"

आईनं कपाळावर हात धरून बघितलं. "उजेड दिसतोय. बाकी काय नाय."

खिडक्यांमधून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं आणि त्या झगझगाटात पडदा काळाकुट्ट दिसत होता. काळा चार्टपेपर तेवढ्या उंचीला पुरणारा नव्हता.  मग बाईंनी मान वळवून स्वतःच्या पाठीमागची भिंत बघितली. वर गॅलरी असल्यामुळं तिथं दिवसभर सावली असे. भिंत कोरी, पांढरी, नवा रंग. बाईंनी तिच्यावर तळहात ठेवला, जसा आपण ताप बघतो तसा.

मला समजलं त्या काय करणार आहेत.

"ग्रॅज्युएट, टेबल इकडं आण." मग लोकांना म्हणाल्या, "मंडळी, बसल्या जागी वळा. तोंड इकडं."

सगळा हॉल वळला. सतरंज्यांवर बसलेली माणसं फिरायला वेळ तो काय लागणार. क्षणात मागची रांग पुढची झाली आणि आई भिंतीपासून हातभर अंतरावर आली. ती घाबरून मागं सरकू लागली, तर बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला तिथंच बसवलं. व्यासपीठ, टेबलक्लॉथ, पाण्याचे ग्लास, सगळं लोकांच्या पाठीमागं गेलं.

मी प्रोजेक्टर ठेवला, वायर ओढली. नकाशाचा पारदर्शक कागद आधीच आमच्याकडं दिलेला होता. मी हळूच विचारलं, "बाई, साहेबांची वाट बघू या का?"

त्या म्हणाल्या, "दिवा लाव."

मी लावला. भिंतीवर आमचं गाव उमटलं. देऊळ, तळं, शाळा, घरांचे ठिपके, पलीकडं खाडी. मधून एक तांबडी रेघ. हॉलमध्ये एक लांब हुंकार झाला आणि लोक बोटं दाखवायला लागले. तुझं घर, माझं शेत, अरे हा तर पिंपळ.

साहेब आले ते व्यासपीठाच्या बाजूच्या दारानं. आले आणि तिथंच थांबले. समोर नुसत्या पाठी. कुणी उठलं नाही, कारण कुणाला ते दिसलेच नाहीत. प्राचार्य धावत माझ्याकडं आले. साहेबही खाली उतरून माणसांमधून आमच्याकडं आले. चेहरा तांबडा झाला होता, पण आवाज खाली होता.

त्यांनी बाईंकडं न बघता मला सांगितलं, "हे उचला आणि पुढं घ्या."

"दिवा लागलाय," बाई म्हणाल्या. "आता हलवला तर बल्ब जाईल."

साहेब इंजिनिअर होते. त्यांना ते समजत होतं, आणि त्याहून जास्त हेही समजत होतं की दिवा त्यांच्या येण्याआधी का लावला. त्यांनी परत मलाच विचारलं. "दुसरा बल्ब नाही का?"

दुसरा बल्ब माझ्या शर्टाच्या खिशात होता, रुमालात गुंडाळलेला. खिसा फुगलेला दिसत होता. प्राचार्य माझ्याकडं बघत होते. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या, त्या नकाशाकडं बघत होत्या. आई मात्र बघत होती.  नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो, आहे म्हटलं असतं तर यंत्र उचलावं लागलं असतं. मला दोन्ही जमेना. तोंडातून आपोआप आलं ते बोललो.

"आहे, साहेब. पण भिंत ही एकच आहे."

साहेब व्यासपीठाकडं वळले. त्यांना खिडक्यांमधून आलेलं ऊन तोंडावर लागलं, त्यांनी डोळे बारीक केले.  मग त्यांनी आपल्या माणसाला सांगितलं की एक खुर्ची इकडं आण. बाकीचे अधिकारी वर बसू देत.

"शेवटचा बाक आज वर गेला," बाई पुटपुटल्या. मला ऐकू गेलं. साहेबांनाही गेलं असावं.

साहेबांनी बोलायला सुरुवात केली. ते वाईट सांगत नव्हते. रस्ता कुठून येतो, कुठं जातो, किती उंच. पण आता ते व्यासपीठावर नव्हते, आमच्यात होते, आणि लोक मधेच विचारत होते. आई उठली. मला वाटलं ती बाहेर जातेय. ती भिंतीजवळ गेली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्यावर पडला आणि ती तांबडी रेघ तिच्या पाठीवरून गेली. तिनं गाव आणि खाडीच्या मधे बोट ठेवलं.

"आमी रोज इथनं जातो. ही वाट कुठं हाय?"

साहेबांनी सांगितलं की त्या जागी भराव येईल. धक्क्यावर जायला पुढच्या पुलाखालून वळसा घ्यावा लागेल.

"डोक्यावर पाटी घेऊन?"

बायका हसल्या. साहेब म्हणाले, पाणी जायला इथं भरावाखालून मोरी ठेवली आहे, हवं तर तिच्यातून जाता येईल. आईनं विचारलं, मोरी केवढी. साहेबांनी हात कमरेपाशी धरून दाखवला.

"मंग आमी काय रांगत जायाचं? म्हावरं पुढं ढकलीत?"

या वेळी सगळा हॉल हसला, पण ते हसू लगेच थांबलं. सगळे साहेबांकडं बघू लागले. साहेबांनी घाम पुसला. म्हणाले, "मोरी मोठी करता येईल. बघू आपण."

'बघू' हा शब्द आमच्या गावानं पुष्कळ ऐकला होता. तो उच्चारला की सभा संपते हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं टोप्या चाचपायला लागली. तेवढ्यात बाई पुढं आल्या.

"साहेब, इथंच काढून दाखवा. सगळ्यांना दिसेल." आणि त्यांनी शबनममधून पेन काढून दिलं.

ते पेन कुठल्या खणातून आलं ते मी बघितलं. 

साहेबांनी यंत्रावर वाकून तांबड्या रेघेत, आईनं बोट ठेवलं होतं बरोबर तिथं, एक चौकोन काढला. भिंतीवर त्यांचा हात अवाढव्य दिसत होता. बाई म्हणाल्या, "कागदाच्या कडेला तो मोठा करून काढा, आणि शेजारी माणूस काढा. म्हणजे उंची कळेल." साहेबांनी कडेला मोठा चौकोन काढला आणि त्यात एक काडीचा माणूस. त्यांनाही आता त्यात थोडी गंमत वाटत होती.

"पाटी ऱ्हायली," आई म्हणाली.

साहेबांनी माणसाच्या डोक्यावर पाटी काढली. पाटी चौकोनाच्या बाहेर गेली. त्यांनी चौकोनाची वरची रेघ आणखी उंच घेतली. लोक टाळ्या वाजवू लागले. मग साहेबांनी, आधीची खालची रेघ पुसून चित्र नीट दिसावं म्हणून की कशासाठी, बोट ओलं करून कागदावर घासलं. रेघ गेली नाही. पुन्हा घासलं. हलली नाही. भिंतीवर सगळ्यांनी ते राक्षसी बोट रेघेवर घासताना बघितलं आणि टाळ्या थांबल्या.

साहेबांनी पेन उलटसुलट करून बघितलं. मग बाईंना, फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं, म्हणाले, "तुम्ही मुद्दाम दिलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "शिकवणाऱ्याला मी पुसणारं देते. आज कुणी शिकवत नव्हतं."

मला वाटलं आता कागद फाटणार. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कागद उचलला, तो ओला होता म्हणून त्यावर स्वतःच कोरा कागद ठेवला आणि जपून फाइलमध्ये घातला. जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला. माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतही नाहीत, इतके ते भीतीत गेले. बाईंकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी एका ओळीत दिला, 'पडदा जिथून दिसतो तिथं लावला.' माझा कायम होण्याचा कागद कित्येक महिने आला नाही. घरी आई विचारायची, आमच्यापायी तुझी नोकरी जाते का? मी नाही म्हणायचो आणि रात्री जागा राहायचो. बाईंनी कधीच धीर दिला नाही. एकदा एवढंच म्हणाल्या, "तू खोटं बोलला नाहीस. मग तुला भीती कशाची, हे मला कळत नाही." त्यांना खरंच कळत नव्हतं. तोच त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा होता.

माझा कागद शेवटी आला. खाली त्याच साहेबांची सही होती. त्याच सुमाराला बाईंची बदली झाली, पार विदर्भात. ती त्या सभेमुळं झाली की व्हायचीच होती ते मला ठाऊक नाही. बाईंनी तो विषय काढू दिला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी जिन्याखालच्या खोलीतल्या सगळ्या वायरी पुन्हा गुंडाळून घेतल्या, माझ्या टेबलावरचा फुटका बल्ब कचऱ्यात टाकला आणि हॉलमध्ये गेल्या. खांबाआड बसल्या. मला माइकवर बोलायला सांगितलं.

मी काय बोललो ते आठवत नाही. हाय आणि नाय होतं एवढं आठवतं.  मग बाई म्हणाल्या, "पोचतंय."

पुढं मी कितीतरी वर्गखोल्या आणि सभेच्या खोल्या लावल्या. अजूनही प्रत्येक खुर्चीवर बसून बघतो. लोक हसतात. रस्त्याचं काम रखडत रखडत काही वर्षांनी पुरं झालं, तेव्हा मी बाईंना जे पत्र लिहिलं त्याची नक्कल माझ्याकडं आहे. ती देतो आणि थांबतो.

तीर्थस्वरूप बाईंस,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आधी मुद्दा. मोरी झाली.

रस्ता गेल्या आठवड्यात सुरू झाला. भराव फार उंच आहे, गावातून आता खाडी दिसत नाही. त्याचं सगळ्यांना वाईट वाटतं. पण आपल्या वाटेवर मोरी ठेवली आहे. साहेबांनी काढली होती तेवढी उंच वाटेना, म्हणून मी आधी कुणाला काही बोललो नाही. तुमच्यासारखा आतून फिरलो. उजव्या कडेनं, डाव्या कडेनं, मधून. एका बाजूला थोडं पाणी साचतं, तिथं दगड टाकून घेतले. मग आईची पाटी डोक्यावर घेऊन चाललो. मला अंदाज येईना, कारण मी पाटी धरूनच वाकत होतो. आई म्हणाली, तुला सवय नाय, दे इकडं.

काल पहाटे ती भरलेल्या पाटीनं आली. मी गावाच्या बाजूला उभा होतो. आत अंधार होता, ती दिसत नव्हती, नुसती पावलं ऐकू येत होती. मी मनातल्या मनात कमरेत वाकत होतो. ती बाहेर आली तेव्हा पाटी सरळ होती, मान सरळ होती. वर बोटभर जागा उरते.

मी विचारलं, लागली का वर? ती म्हणाली, नाय. मग म्हणाली, बाईला कळव.

म्हणून कळवतो. सोबत तिनं सोडे दिले आहेत, पार्सल वेगळं पाठवलं आहे.

आपला,
ग्रॅज्युएट